न शिकवलेली पानं

गणिताच्या बाईंनी फळ्यावर वर्तुळ काढलं की मागच्या बाकावरच्या मुलीसुद्धा क्षणभर गप्प व्हायच्या. हातात कंपास नाही, दोरी नाही. खांद्यातून हात एकदा गर्रकन फिरवायचा, की खडू निघाला तिथेच येऊन टेकायचा. बाईंचं सगळंच असं. घंटेआधी दारात हजर, वह्या वेळेवर तपासून परत, आणि घंटा झाली की वाक्य अर्धं राहिलं तरी खडू खाली. नाकासमोर चालणारं माणूस कसं असतं हे नव्या शिक्षिकांना सांगायचं झालं, की बाईंकडे बोट दाखवलं जायचं.

त्या याच शाळेत शिकलेल्या. त्यांची आई लोकांचे कपडे धुवायची. तिच्याबरोबर इस्त्रीचे गठ्ठे पोचवता पोचवता त्यांना लहानपणीच मागच्या दाराने जायची सवय लागली होती. शाळेला मात्र मागचं दारच नव्हतं. सगळ्यांना एकच फाटक, एकाच रंगाचा गणवेश, रांग उंचीप्रमाणे आणि बसायची जागा हजेरीच्या क्रमाने. त्या क्रमाने धोबिणीची मुलगी डॉक्टरांच्या मुलीशेजारी बसली, आणि डॉक्टरांच्या मुलीला ते आवडलं की नाही हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. बाकीच्या मुलींना शाळेचे नियम नव्या कॉलरसारखे टोचायचे. हिला ते डोक्यावरच्या छपरासारखे वाटले. पुढे तिथेच नोकरी लागली तेव्हा माहेरी परत आल्यासारखं झालं.

लग्न झालं ते फ्रिज दुरुस्त करणाऱ्या एका हसऱ्या माणसाशी. सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची. मिस्त्रींच्या हातातली एकही वस्तू जागेवर सापडायची नाही, आणि बाईंना तर चमचासुद्धा त्याच्या खणात लागायचा. तरी दोघांचं छान जमलं. त्यांना एकच मुलगी. ती चालायला लागली तीच गिरक्या घेत, म्हणून तिला नाव पडलं भिंगरी.

भिंगरीला वाचायला कुणी शिकवलं याचा पत्ता लागला नाही. बाई म्हणत मिस्त्रींनी शिकवलं, मिस्त्री म्हणत बाईंनी. एक दिवस ती सामानाच्या खोक्यावरची जाहिरात मोठ्याने वाचताना सापडली, आणि ‘आजच घ्या’ म्हणजे उद्या घेतलं तर चालणार नाही का, असं विचारू लागली. बापाचं काम चालू असलं की ती शेजारी उकिडवी बसायची.

“बाबा, फ्रिज आतून गार, मग मागून गरम कसा?”

“आतली उष्णता बाहेर फेकतो ना तो. गारवा अशी काही वस्तूच नसते, बेटा. उष्णता कमी, एवढंच.”

यावर ती बराच वेळ पाना हातात धरून बसली आणि मग म्हणाली, “मग अंधार पण नसतो?”

मिस्त्रींनी हे सगळ्या गल्लीत सांगितलं. बाईंनाही आतून आनंद झाला, पण त्या एवढंच म्हणाल्या, “तो पाना खाली ठेव, हात काळे होतील.”

भिंगरीला आईच्याच शाळेत घातलं. तिथे एक नियम होता. पुस्तक हातात आलं की न शिकवलेल्या पानांना रबरबँड लावायचा, आणि एकेक धडा संपेल तसा तो पुढे सरकवायचा. मुली पुढचं अर्धवट वाचतात आणि मग वर्गात लक्ष देत नाहीत, असं मोठ्या बाईंचं म्हणणं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. गणिताच्या बाई लहान होत्या तेव्हा याच त्यांच्या वर्गशिक्षिका होत्या, आणि रबरबँड तेव्हाही होताच. बाईंनी तो काढून पाहण्याचा विचारसुद्धा कधी केला नव्हता.

भिंगरीने पुस्तक मिळालं त्याच संध्याकाळी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढलं आणि रबरबँड पुन्हा होता तसा चढवला. पकडली गेली ती भलत्याच कारणाने. वर्गात एका म्हाताऱ्या कुत्र्याचा धडा चालला होता. कुत्रा अजून धडधाकट होता, अंगणात धावत होता, आणि ही हमसून हमसून रडायला लागली.

“अजून त्याला काही झालेलं नाही,” वर्गशिक्षिका म्हणाल्या, “तू का रडतेस?”

बिंग फुटलं. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर ती तक्रार बाईंच्या कानावर आली. सगळ्या हसल्या, पण बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन त्यांनी मुलीला समोर उभं केलं. “तिथल्या शिक्षिकेची मुलगी म्हणून तुला वेगळा नियम नाही. कळलं?”

“कळलं. पण मला ते पुढचं माहीत असतं, त्याचं मी काय करू?”

“माहीत नसल्यासारखं बसायचं,” बाई म्हणाल्या.

तशी ती बसायला शिकली. वर्षं गेली. घरी येऊन बापाशी बडबड करायची ती कमी झाली. मग गिरक्या थांबल्या, पण मुलगी मोठी होतेय, थांबणारच, असं बाईंनी धरलं.

सहावीत भिंगरी आईच्याच वर्गात आली. शाळेत बाई म्हणायचं, घरी आई, हे आधीच ठरलेलं होतं. पहिल्या आठवड्यात तिचा हात प्रत्येक प्रश्नाला वर जायचा. बाई मुद्दाम दुसरीकडे बघायच्या. घरच्या मुलीला पुढे करते असं कुणी म्हणायला नको. हळूहळू हात खांद्यापर्यंतच यायला लागला, मग बाकावरून उठेनासा झाला. बाईंना सुटल्यासारखं वाटलं.

चाचणीत एक गणित होतं. एका अंगणाचा एक कोपरा कापलेला, त्याचं क्षेत्रफळ काढा. वर्गात शिकवलेली पद्धत अशी, की अंगणाचे दोन आयत पाडायचे आणि बेरीज करायची. भिंगरीने अख्खं अंगण धरलं आणि कापलेला कोपरा वजा केला. बाईंनी निम्मे गुण कापले.

“आई, उत्तर चुकलंय का?”

“उत्तर बरोबर आहे. पद्धत आपली नाही.”

“मग कुणाची आहे?”

“ते मला नको विचारूस. पेपरात आपली लिहायची.”

मिस्त्री कोपऱ्यात तारा सोलत बसले होते. ते म्हणाले, “मी तर मुलीचीच पद्धत वापरली असती.”

“तुमचे पेपर मी तपासत नाही, हे नशीब समजा,” बाई म्हणाल्या. सगळे हसले. भिंगरीही हसली, पण जरा उशिरा.

त्या वर्षी तिचं पोट दुखायला लागलं. सकाळी दुखायचं, सुट्टीच्या दिवशी नाही. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं, औषध दिलं. काही निघालं नाही. शाळा चुकवण्याचे बहाणे, असं बाईंना वाटलं. मिस्त्रींना तसं वाटेना. “कॉम्प्रेसर चालू आहे, गॅस भरलेला आहे, वायरिंग ठीक आहे, आणि तरी आत गार होत नाही,” ते म्हणाले. “म्हणजे कुठेतरी बारीक नळी तुंबलीय. ती बाहेरून दिसत नाही.”

“मुलगी म्हणजे फ्रिज नाही.”

“नाही ना. फ्रिज निदान आवाज तरी करतो.”

सहामाही परीक्षेत एक शिक्षिका आजारी पडली आणि सहावीच्या खोलीवर देखरेखीला बाईंना पाठवलं. एरवी शिकवताना त्यांचं लक्ष फळ्याकडे, वहीकडे, घड्याळाकडे असायचं. आज खुर्चीत बसून नुसतं बघायचं होतं. विषय भूगोल. बाकीच्या मुली अजून समासच आखत होत्या तेवढ्यात भिंगरीचं लिहून झालं. तिने पेनाला टोपण लावलं आणि नियमाप्रमाणे हाताची घडी घातली. पेपर लवकर झाला तर वाचायचं नाही, चित्रं काढायची नाहीत, इकडेतिकडे बघायचं नाही. घडी घालून समोर बघायचं.

समोर बाई होत्या. भिंगरी त्यांच्याकडे बघत होती आणि तिला त्या दिसत नव्हत्या. सरकारी कचेरीत दिवसभर खोळंबून बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा असतो, तसा तो चेहरा होता. ना राग, ना कंटाळा. आपला नंबर येणार नाही हे कळलेलं, आणि तरी उठून जायला परवानगी नाही. बाईंनी आजवर तो चेहरा रोज समोर बघितला होता, आणि आज पहिल्यांदा त्यांना तो दिसला. मग त्यांचं लक्ष हातांकडे गेलं. घडीच्या आत, कोपराच्या वर, भिंगरीची बोटं हळूच काहीतरी करत होती. ती स्वतःला चिमटे काढत होती.

संध्याकाळी बाईंनी तिची बाही वर सारली. दंडावर निळे डाग होते, काही जुने पिवळे पडलेले.

“हे काय?”

भिंगरीने बाही खाली ओढली. “झोप येऊ नये म्हणून. डुलकी लागली की बाकावर उभं करतात.”

“रोज?”

“रोज नाही. तुझ्या तासाला जास्त.”

“माझा तास इतका...”

“तसं नाही गं. दुसऱ्या तासाला झोपले तर मला बोलतील. तुझ्या तासाला झोपले तर तुला बोलतील ना.”

बाई उठून आत गेल्या आणि बराच वेळ भांडी घासत राहिल्या. भांडी आधीच घासलेली होती.

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. इतक्या वर्षांत कसलंही मागणं घेऊन त्या तिथे गेल्या नव्हत्या. मुलीला गणिताला तरी वरच्या वर्गात बसू द्या, म्हणाल्या. मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मुलगी हुशार आहे, मला ठाऊक आहे. मी आंधळी नाही. पण एक सांग. तू या शाळेत आलीस तेव्हा तुला कुणी विचारलं, तुझी आई काय करते?”

“नाही.”

“का नाही विचारलं? कारण इथे सगळ्यांना एकच माप. आज तुझ्या मुलीसाठी मी दार किलकिलं केलं, तर उद्या डॉक्टर येतील, परवा व्यवस्थापक आपल्या नातीला घेऊन येतील. सगळ्यांचीच मुलं हुशार असतात. आणि मग कपडे धुणारीची मुलगी कुठे बसेल? मागे. एकदा मागे बसली की कायमची मागे.”

हेच तर बाई स्वतः आजवर सगळ्यांना सांगत आल्या होत्या. “निदान पेपर झाल्यावर एखादं पुस्तक वाचू द्या,” त्या म्हणाल्या.

“तिच्या पुस्तकाकडे बघून बाकीच्या घाई करतील आणि चुका करतील. बस ना, उभी का?” मोठ्या बाईंचा आवाज मऊ झाला. “सहन करायला शिकेल ती. तू नाही शिकलीस?”

“मला सहन नव्हतं करावं लागत,” बाई म्हणाल्या. “मला इथे आवडायचं.”

बाईंच्या तोंडून हे गेलं याचं दोघींनाही जरा नवल वाटलं.

वरून काही होणार नाही म्हटल्यावर बाईंनी आपल्या तासापुरतं स्वतःच करायचं ठरवलं. त्यांनी वर्गाला पुस्तकाचे रबरबँड काढायला सांगितले. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने तर दार लावून घेऊ का, असं विचारलं. मग त्यांनी फळ्यावर कापलेल्या कोपऱ्याचं अंगण काढलं आणि म्हणाल्या, “आज माझी पद्धत सोडून काढायचं.” पहिल्यांदा कुणालाच सुचेना. मग एकीने अंगणाचे त्रिकोण पाडले, दुसरीने कापलेला तुकडा फिरवून दुसरीकडे जोडला, वर्गात मासळीबाजार झाला. भिंगरीचा हात वर गेला. बाईंनी तिला विचारलं, आणि ती बोलायला लागली ती थांबेचना. तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू आली नाही.

दोनेक महिने असे गेले. मग शिकवायचा भाग मागे पडला, शेजारच्या वर्गातून गोंगाटाची तक्रार आली, आणि चार पालक येऊन भेटून गेले. वार्षिक परीक्षेला आमच्या मुलींनी काय लिहायचं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. बाईंना पहिल्यांदाच लेखी ताकीद मिळाली. ते सगळं त्यांनी सोसलं असतं. पण भिंगरीचं पोट आता पूर्वीपेक्षा जास्त दुखायला लागलं होतं.

“आता तर बरं वाटायला हवं,” बाई तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या. “माझ्या तासाला किती खुलतेस तू.”

“म्हणूनच तर,” भिंगरी म्हणाली. “आधी मला वाटायचं, शाळा अशीच असते. आता एक तास खिडकी उघडते आणि लगेच बंद होते. मग जास्त गुदमरतं.”

त्या संध्याकाळी बाईंनी मिस्त्रींना विचारलं, “मिठागरांकडची ती शाळा आठवते तुम्हाला?”

गावाबाहेर मिठागरं होती, आणि तिथल्या कामगारांच्या मुलांसाठी याच संस्थेची एक दोन खोल्यांची शाळा होती. पत्रे तापायचे, वारा सुटला की वह्यांवर खारट पांढरा थर बसायचा. मुलं कमी, म्हणून एका खोलीत लहान आणि एका खोलीत मोठी, वयाचा हिशेब न ठेवता कोंबलेली. तिथे जायला कुणी शिक्षक तयार नसे. कुणावर राग निघाला की त्याला तिथे पाठवत.

“पण तुला इथली शाळा...” मिस्त्री म्हणाले आणि थांबले. त्यांना ठाऊक होतं ती शाळा बायकोची कोण आहे ते.

“हो,” बाई म्हणाल्या. “ते माझं झालं.”

मोठ्या बाईंना बदलीचा अर्ज बघून धक्काच बसला. “अगं, तिथे आम्ही शिक्षा म्हणून पाठवतो.”

“मग मला शिक्षा द्या,” बाई म्हणाल्या. “ताकीद तर आधीच दिली आहे.”

आईबरोबर नव्या शाळेत गेल्यावर भिंगरी लगेच फुलली, असं सांगायला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. पहिले कितीतरी दिवस ती दिलेलं काम भराभर उरकायची आणि हाताची घडी घालून समोर बघत बसायची. “उठ, हवं ते कर,” बाई म्हणायच्या. तिला हवं ते म्हणजे काय, हेच सुचायचं नाही. बाकीची मुलं तिला बिचकायची. बाईंना रोज वाटायचं, आपण उशीर केला.

त्या खोलीत सुताराची एक उंच मुलगी होती. तिला सगळे शिडी म्हणायचे. शिडीला पुस्तकांचं वावडं होतं, पण पाटीवर ठिपके काढून चौकोन पुरे करायचा खेळ ती जेवणाच्या सुट्टीत रोज खेळायची, आणि मिठागरावरच्या मोठ्या माणसांनाही तिने त्यात रडवलेलं होतं. एक दिवस जोडीदार आला नाही म्हणून ती भिंगरीसमोर पाटी घेऊन बसली.

“येतो का तुला?”

“सोपा तर आहे,” भिंगरी म्हणाली, आणि सपाटून हरली. पुन्हा खेळली, पुन्हा हरली. शिडीने पाटी पुसली. “सोपा आहे,” ती म्हणाली, “पण तुला येत नाही.”

त्या संध्याकाळी भिंगरी घरी आली ती दप्तर भिरकावूनच. “आई, ती मला हरवते! मी कुठली रेघ मारणार ते तिला आधीच कळतं! बाबा, मोठा कागद आहे का? नको, खोक्याचा पुठ्ठा द्या!” ती जमिनीवर पालथी पडली आणि ठिपके काढत राहिली, जेवायला दोनदा हाक मारली तरी उठली नाही. मिस्त्री तिला ओलांडून जाताना बायकोला म्हणाले, “नळी मोकळी झाली बघ.” मुलगी हरून आली होती, रागाने लालबुंद झाली होती, आणि बाईंना इतका आनंद झाला की त्या भाजीत मीठ घालायचं विसरल्या.

शिडीला हरवायला तिला उन्हाळा उजाडला. तोवर दोघींची गट्टी जमली होती. पोटदुखी कधी थांबली ते कुणाच्या लक्षात आलं नाही; दुखणं गेलं की माणसं त्याची चौकशी करत नाहीत.

ती शाळा आठवीपर्यंतच होती. पुढे भिंगरीला पुन्हा आधीच्याच मोठ्या शाळेत जावं लागलं, पुन्हा रांगा, पुन्हा घडी. ती वर्षं तिने दात-ओठ खाऊन काढली. पण आता दोष आपल्यात नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि शनिवारी शिडी भेटायची. निकाल चांगला लागला, नाव झळकण्याइतका नाही. दोन विषयांत विचारलं त्यापेक्षा तिने जास्त लिहून ठेवलं होतं. आज ती जुने पूल तपासणाऱ्या एका कार्यालयात काम करते. साहेबांशी तिचं वरचेवर वाजतं. काम सोडीन म्हणते आणि सोडत नाही, कारण पुलांवर तिचा जीव आहे.

बाई मिठागरांच्या शाळेतूनच निवृत्त झाल्या. तिथे त्यांनी वर्तुळं पूर्वीसारखीच सुबक काढली; मुलांनी वाकडीतिकडी काढली तरी त्यांना राग येईनासा झाला होता.

अलीकडेच दवाखान्यात त्यांना मोठ्या बाई भेटल्या. फार थकल्या होत्या, हातात काठी होती. बाकावर सरकून त्यांनी जागा करून दिली.

“मुलगी कशी आहे?”

बाईंनी सगळं सांगितलं. पूल, साहेब, भांडणं. मोठ्या बाई ऐकताना मान हलवत होत्या.

“मला अजून वाटतं, मी चुकले नव्हते,” त्या म्हणाल्या. “एकीसाठी नियम मोडला असता तर बाकीच्यांचं काय झालं असतं?”

“माझ्यासारखीचं वाईटच झालं असतं,” बाई म्हणाल्या. “ते मी नाकारत नाही.”

“आणि तिचं?”

“तिचं वाईट झालंच होतं, बाई.”

मोठ्या बाई काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिल्या. “आमच्या शाळेबद्दल ती काही बोलते?”

ती छान आठवण काढते असं म्हणायला बाईंचं काही जाणार नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला तेवढंच बरं वाटलं असतं. पण मोठ्या बाईंनीच त्यांना खरं बोलायला शिकवलं होतं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “काहीच बोलत नाही.”

तेवढ्यात आतून मोठ्या बाईंना हाक आली. त्यांना पटकन उठता येईना. गणिताच्या बाईंनी काठी घेतली, त्यांच्या दंडाला हात दिला आणि पायरी सांभाळून त्यांना आत नेलं.